उधाण, भांग आणि खवळलेला समुद्र

प्रश्न: पावसाळ्यात बातम्यांत 'समुद्राला उधाण' असं येतं ते मोठ्या लाटांबद्दल. मुलीच्या भूगोलात मात्र 'उधाणाची भरती' अमावास्या-पौर्णिमेला येते आणि तिच्या जोडीला 'भांगाची भरती' आहे. वादळ नसतानाही उधाण येतं का?

उत्तर: येतं, दर पंधरवड्याला येतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात. दोघांची ओढ एकत्र लागते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. त्याच दिवसांत ओहोटीही नेहमीपेक्षा खोल जाते, हे बरेचदा सांगायचं राहून जातं. कोकणात कालवं काढणाऱ्या बायकांना ते पक्कं ठाऊक असतं. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. उधाणाचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो.

भांग अष्टमीच्या सुमाराचा. तेव्हा सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात. भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, त्यामुळे चंद्राचा जोर तेवढा घटतो. भरती कमी चढते, ओहोटी कमी उतरते. हा भांग पुल्लिंगी आहे, म्हणून 'भांगाची भरती' म्हणायचं, 'भांगेची' नाही.

लाटा उठतात वाऱ्याने. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळात गेटवे ऑफ इंडियापाशी लाटा कठड्यावरून आत आल्या, तेव्हा अमावास्या होऊन पाच दिवस उलटले होते. उधाणाची तिथी नव्हती, समुद्र खवळला होता. उलट थंडीतल्या पौर्णिमेला समुद्र अगदी शांत दिसतो, तरी उधाण असतंच. 'आनंदाला उधाण' खुशाल लिहावं, ते सुंदरच आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला इशारा द्यायचा तेव्हा हे दोन शब्द वेगळेच ठेवायला हवेत. खवळलेल्या समुद्रात होडी घालायचीच नाही, उधाणात फक्त वेळ सांभाळायची. आणि दोन्ही एकाच दिवशी आलं तर पाणी वस्तीत शिरायची भीती फार.

प्रश्न: वेळ सांभाळायची म्हणजे? भरती किती वाजता हे कसं कळतं?

उत्तर: मुंबई-कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही तेवढी पुढे सरकते. पाऊण तास धरला की तोंडी गणित सोपं होतं. एका भरतीनंतर दुसरी सुमारे 12 तास 25 मिनिटांनी, मधे सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. दुसऱ्या किनाऱ्यांवर हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येणं ही इकडच्या किनाऱ्याची गोष्ट आहे. होडी काढायची असेल तर मात्र बंदरावरचं भरतीचं वेळापत्रकच पाहावं.