फोन पडला, डिस्प्ले बदलू की नवा घेऊ?

काल बसमधून उतरताना फोन पडला, डिस्प्लेवर हिरव्या रेषा आल्यात आणि टच पूर्ण गेलाय. ३ वर्षं वापरलाय, १४ हजारांना घेतलेला, दुकानदार ४,५०० सांगतोय. बाबांचे शेवटचे फोटो त्यातच आहेत हो, जीव टांगणीला लागलाय.

उत्तर: ताई, आधी फोटो काढा! ओटीजी (फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू जोडायची छोटी पिन) लावून माउस जोडा, रेषांमधून दिसेल तेवढ्यावर लॉक उघडतं, आणि कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

उत्तर: सिक्युरिटी अपडेट येतायत का बघा, बंद असतील तर पैसे घालू नका, बँकेची अ‍ॅप्स असतात त्यात. येत असतील तर रिपेअरच करा, पण ओरिजिनल पॅनल असं बिलावर लिहून घ्या, मी स्वस्तातली कॉपी टाकली तर उन्हात काही दिसायचंच नाही.

ताई: माउसने उघडला!! फोटो लॅपटॉपवर घेतले. अपडेट पण येतायत, उद्या डिस्प्ले टाकते.