पाण्यातला रतनगड गेला कुठे?

रानवाटा
नमस्कार मंडळी. फोटोग्राफीतल्या जाणकारांसाठी प्रश्न आहे, थोडा वैतागूनच विचारतोय.

नोव्हेंबरात भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठी तंबू टाकून राहिलो होतो. पहाटे वारा अजिबात नव्हता, पाणी निपचित पडलेलं. समोर जमिनीचं एक टोक पाण्यात घुसलंय, त्यावर झाडांची रांग आणि झाडांच्या डोक्यावरून रतनगडाचा माथा डोकावतोय, शेजारी खुट्टा सुळका. तिवई लावून फोटो काढला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहतो तर वरच्या अर्ध्यात गड आहे, पाण्यात मात्र नुसती झाडं! गड नाही, खुट्टा नाही, झाडांखाली थेट आकाश.

तरी एका स्पर्धेला पाठवला. परीक्षकांनी शेरा मारला की प्रतिबिंब मूळ दृश्याशी जुळत नाही, दोन फोटो जोडलेले दिसतात. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ नोंद, माझ्याकडे आहे, एक पिक्सेलसुद्धा हलवलेला नाही. हे कसं झालं असेल? दुसरं म्हणजे प्रतिबिंब बरंच काळपट आलंय आणि फोटोच्या अगदी खालच्या भागात तर प्रतिबिंबाऐवजी तळाचे गोटेच दिसताहेत.

घाटमाथा
वाइड लेन्स होती का? कडांना डिस्टॉर्शन येतं, त्यात गड खाली दबला असेल.

जुना स्टुडिओवाला
लेन्सच्या माथी काही मारू नका. लेन्स रेघ वाकवेल, अख्खा किल्ला गिळणार नाही.

रानवाटा, तुमचा फोटो खरा आहे. उलट पाण्यातला गड वरच्या गडाशी तंतोतंत जुळला असता तर मला संशय आला असता. वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवायचा उद्योग हल्ली मोबाईलवर कुणीही करतं, आणि तसं करणाऱ्याचं प्रतिबिंब नेहमी तंतोतंत जुळतं.

पाण्यात दिसतं ते वरच्या दृश्याची उलटी प्रत नसते. तुमचा कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून जितका वर, तितकाच तो पाण्याखाली ठेवून वर बघितलं तर जे दिसेल ते दृश्य पाण्यात दिसतं. म्हणजे एकाच फोटोत दोन ठिकाणांहून पाहिलेली दृश्यं असतात, एक काठावरून आणि एक पाण्याखालून. खालून पाहणाऱ्याला जवळची वस्तू जास्त उंच वाटते आणि ती लांबच्या वस्तूला झाकते.

आकड्यात बघू. तुम्ही काठाच्या उंचवट्यावर होतात, कॅमेरा पाण्यापासून ४ मीटर वर धरू. झाडं १०० मीटरवर, शेंडे पाण्यापासून १२ मीटर. गड ६ किलोमीटरवर आणि माथा पाण्याच्या वर साधारण ५५० मीटर. हे सगळे अंदाज आहेत, तुमचे खरे आकडे घालून बघा. काठावरून शेंडे तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा ८ मीटर उंच, म्हणजे १०० मीटरला ८ मीटर चढ. गडाचा चढ १०० मीटरला ९ मीटर. ८ पेक्षा ९ मोठे, म्हणून गड झाडांवरून डोकावला. आता कॅमेरा पाण्याखाली ४ मीटर न्या. शेंडे झाले १६ मीटर उंच, म्हणजे १०० ला १६. गड इतका लांब की ८ मीटर खालीवर झाल्यानं त्याला काही फरक पडत नाही, तो ९ वरच राहिला. गेला झाडांमागे.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. टेबलावर आरसा आडवा ठेवा. त्याच्या पलीकडच्या कडेला चहाचा कप आणि कपाच्या मागे, आरशाच्याच पातळीवर, चार-पाच फुटांवर पाण्याची बाटली. टेबल तेवढं लांब नसेल तर सगळा संसार फरशीवर मांडा. डोळा कपाच्या काठापेक्षा जरासा वर ठेवून पाहिलंत तर समोर बाटलीचं बूच आणि गळा कपावरून दिसेल. आरशात पाहिलंत तर नुसता कप, आणि तोही बुडाकडून. पुलाच्या फोटोत हेच होतं. वरून पुलाचा कठडा दिसतो आणि पाण्यात कमानीचं पोट.

परीक्षकांना काय दाखवायचं तेही सांगतो. फोटोचा प्रिंट काढा आणि पट्टी घ्या. एका झाडाचा शेंडा आणि पाण्यातला त्याचाच शेंडा जोडणारी रेघ मारा. मग दुसऱ्या झाडाची, तिसऱ्याची, काठावरच्या दगडाची. कॅमेरा सरळ धरलेला असेल तर सगळ्या रेघा ओळंब्यात उभ्या येतात. वरखाली कललेला असेल तर पंख्यासारख्या फाकतात, पण एकाच बिंदूकडे वळतात. जोडकाम करणाऱ्याला एवढं सांभाळायला जड जातं.

धरणाच्या पाण्याची एक गंमतही सांगून ठेवतो. मे महिन्यात त्याच दगडावर त्याच तिवईवर कॅमेरा लावलात तर वरचं दृश्य तेच राहील. पाणी मात्र बरंच उतरलेलं असेल, म्हणजे तुम्ही पाण्यापासून आणखी उंच. पाण्यात काही दिसलंच तर ते आणखी निराळं असेल. समोरच्या काठावर चिखलाचा उतार उघडा पडेल आणि पाण्यातली झाडं बुंध्याकडून त्या उताराआड जातील.

प्राजक्ता_के
स्टुडिओवाले काका, गडाचं कोडं तुम्ही सोडवलंत, काळपटपणाचं मी घेते. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते.

पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही. किती पाठवतं ते तुम्ही किती तिरकं पाहता यावर आहे. सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परततो, बाकीचा पाण्यात शिरतो. नजर पाण्याशी ३० अंशांचा कोन करत असेल तर सुमारे ६ टक्के. १० अंशांवर मात्र ३५ ते ४० टक्के, आणि त्याहून सपाट होत गेलं की झपाट्यानं वाढतं. वरच्या आकड्यांप्रमाणे झाडांच्या शेंड्यांचं प्रतिबिंब साधारण ९ अंशांवर आहे. म्हणजे पाण्यातले शेंडे खऱ्या शेंड्यांपेक्षा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) थोडे जास्त काळे येणार. फोटोच्या खालच्या कडेला तुम्ही पायापुढच्या पाण्यात जास्त उभं पाहताय, तिथे परतणारा प्रकाश इतका कमी की तळाच्या गोट्यांचा उजेड त्याच्यावर मात करतो.

जुना स्टुडिओवाला
+१. यात भर म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर. आकाश फार उजळ म्हणून लोक वरच्या अर्ध्यावर गडद काच चढवतात, आणि मग पाण्यातलं आकाश खऱ्या आकाशापेक्षा उजळ येतं. तसं प्रत्यक्षात होत नाही. प्रदर्शनात असे फोटो मी लांबून ओळखतो. मोबाईलही सावल्या उचलण्याच्या नादात तेच करतो, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही!

घाटमाथा
पण मग तिथे उभं असताना डोळ्यांना हे का दिसलं नाही? रानवाटांनी स्वतः पाहिलंच असेल ना.

जुना स्टुडिओवाला
डोळ्यांनाही हेच दिसलं होतं. डोळे कॅमेऱ्याच्याच उंचीवर होते ना! पण तिथे आपण एकदा गड बघतो, एकदा पाणी बघतो, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघत नाही. शिवाय डोळा पाण्याकडे वळला की तिथल्या अंधाराशी जुळवून घेतो, म्हणून काळपटपणाही तितका जाणवत नाही. कॅमेऱ्याला एकच एक्स्पोजर वर-खाली दोन्हीकडे पुरवायचं असतं. फोकसचंही बघा. मॅन्युअल लेन्स असेल तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर फोकस करा, रिंगवर दोन-तीन मीटर येईल. त्याच पानाशेजारी दिसणाऱ्या प्रतिबिंबातल्या झाडांवर करा, रिंग अनंताजवळ जाईल. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतंच. ऑटोफोकस पानाला चिकटला की झाडं मऊ येतात आणि माणूस लेन्स बदलायला निघतो.

रानवाटा
काका, प्राजक्ताताई, मनापासून आभार. आरशाचा प्रयोग आत्ताच केला, बायको विचारतेय कपाला काय झालं. आता पुढच्या वेळी दोन्हीकडे गड हवा असेल तर कॅमेरा अगदी पाण्याला टेकवू का? मग वरचा आणि खालचा डोळा एकच होईल.

जुना स्टुडिओवाला
एकच होईल, पण गड दोन्हीकडून जाईल. गणित करा की. कॅमेरा पाण्यालगत नेलात की शेंडे १०० ला जवळजवळ १२ चढतात, गड ९ वरच. जुळेल अगदी झकास, पण झाडंच झाडं.

तुम्हाला झाडांपासून लांब जायला हवं. तीच ४ मीटर उंची ठेवून झाडं २०० मीटरवर गेली तर वरून ४ चा चढ आणि खालून ८ चा. गड ९ वर आहे, म्हणजे पाण्यातही शेंड्यांच्या पलीकडे माथा निसटता दिसेल. मात्र काठ सोडून नुसतं मागे भातखाचरात जाऊन चालणार नाही. गडाचं प्रतिबिंब तुमच्यापासून साधारण ४०-४५ मीटरवर पडणार, तिथे पाणीच हवं. म्हणून जिथे मधलं पाणी रुंद आहे असा काठ शोधा, किंवा झाडं बुटकी असतील असा. गावातल्या होडीवाल्याला विचारलंत तर तो जागा बरोबर दाखवेल.

आणि त्या स्पर्धेला रेघा मारलेला प्रिंट पाठवा, सोबत रॉ फाईल. काय उत्तर येतं ते इथे नक्की टाका.