छोट्या गावातलं थाई हॉटेल: या, आठवणी लिहा

परसदार:
आज कुंडीतला गवती चहा कापला, हाताचा वास जाईचना, आणि मी थेट 2003 च्या फेब्रुवारीत स्टॉर्म लेकला जाऊन बसले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं दहा हजार वस्तीचं गाव, तळं गोठलेलं, बाहेर उणे वीस आणि मला पाचवा लागलेला. इंडियन दुकान डे मॉइनला, म्हणजे अडीच तास. गावात एक थाई हॉटेल, सहा टेबलं. पहिल्यांदा टॉम यम सूप घेतलं तर नवरा त्यातले गवती चहाचे दांडे शेवग्याच्या शेंगेसारखे चोखत बसला, मालकीणबाई हसून हसून बेजार.

मी विचारलं तुम्ही थायलंडच्या का, तर म्हणाली नाही नाही, ताई डाम. मला वाटलं मलाच ताई म्हणतेय! तर ती त्यांची जमात. मूळचे व्हिएतनामच्या डोंगरातले, तिथून लाओस, 1975 ला तिथूनही पळून थायलंडच्या छावणीत, मग आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी सगळ्यांना एकत्र इकडे आणलं. पाटीवर थाई का, तर म्हणे ताई डाम लिहिलं तर जेवायला कोण येणार.

एकदा मला करीचा वास सोसेना, नुसता भात मागितला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, आत गेली आणि बशीत कैरीच्या उभ्या फोडी घेऊन आली, बाजूला तिखट मीठ साखर कालवलेलं. उणे वीसमध्ये कैरी!! बिलात लावलीच नाही. मी रडायला लागले, नवरा घाबरला, आणि डोहाळेला इंग्रजीत काय म्हणतात ते दोघांनाही आठवेना.

लिहा तुम्ही पण, कसंही लिहा.

तांबडापांढरा:
आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं एक ते पाचमधलं पाच नंबर तिखट सांगितलं. पोरीनं दोनदा विचारलं नक्की का. मी नाक पुसतोय, बायको म्हणते लागलं ना, मी म्हटलं छे, एसीची हवा. तिसऱ्या घासाला पोरीनं न मागता काकडी आणून ठेवली. पंचगंगेकाठच्या माणसाचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. खाल्ली मात्र सगळी.

जुईली_घाईत:
कैरी वाचून रडले ऑफिसात. माझ्या वेळी मला फक्त ओल्या मातीचा वास हवा होता आणि बाहेर बर्फ. नंतर लिहिते, मीटिंग

डेव्हनकर:
इकडे इंग्लंडात गावाकडे थाई जेवण पबात मिळतं, खोटं नाही, पुढे बिअर, मागे थाई स्वयंपाकघर, असे कितीतरी पब आहेत. बाबा आले होते तेव्हा दारातच थांबले, "मी गुत्त्यात जेवणार नाही". शेवटी पार्सल घेतलं आणि गाडीत बसून खाल्लं, काचांवर सगळी वाफ. मासामन करी त्यांना आवडली, वेलची दालचिनी बटाटा असतो ना, म्हणाले ही तर आपलीच भाजी, नारळ जरा जास्त झालाय. पुढच्या शनिवारी स्वतःच विचारतात, गुत्त्यात जायचं का?

साधावरण:
सासूबाईंना तीन वर्षं "व्हेज" पॅड थाई, म्हणजे थाई नूडल्स, खाऊ घातलं, चिंचगुळाची चव म्हणून त्या खूश. मग कळलं सॉस माशाचा. सांगितलं नाही अजून. इथलं वाचत नाहीत ही देवाची कृपा.

मालवणी_मी:
@साधावरण त्यांच्या पोटी पुण्यच जमा झालं असेल 😄 खारवलेल्या माशाचं पाणी ते, आमच्याकडे बाळाला चाटवतील

सध्या_बँकॉक:
नुसतं मासे नको सांगून भागत नाही. "जे" म्हणायचं, म्हणजे मांस मासे अंडी दूध आणि कांदालसूण पण नाही, पक्का चातुर्मास. पिवळी झेंडी दिसली की तिथे बिनधास्त जेवा. आणि भाताबरोबर चॉपस्टिक्स मागू नका कुणी, इकडे भात चमच्यानेच खातात, काटा फक्त घास ढकलायला. हो, आणि रस्त्यावर खनोम क्रोक खा, नारळाचे आप्पे हो, पात्र सुद्धा सेम, मी आईला फोटो पाठवला तर म्हणे कुणाकडे जेवायला गेलास.

कराडची_किल्ली:
आमच्याकडे हायवेवर एका हॉटेलच्या मेन्यूत थाई ग्रीन करी होती. आलं ते पालक पनीर, वर नारळाचं दूध. वेटरला विचारलं यात थाई काय, म्हणाला मॅडम, पनीर मऊ आहे. अजून कळलं नाही काय म्हणायचं होतं त्याला. रोटी चांगली होती पण.

सुमाकाकू:
परसदार, तो गवती चहा कुंडीत कसा लावलास? माझा दोनदा वाळला. आणि त्या सूपमध्ये पात घालतात का?

परसदार:
काकू पात नाही, खालचा पांढरा जाड दांडा, ठेचून. पात आपली चहाला. लावताना मुळं असलेला ठोंब घ्या, नुसती पात खोचू नका, आणि ऊन भरपूर. माझ्याकडे जादा आहे, कोथरूडला कधी येताय?

सुमाकाकू:
गुरुवारी दाताची अपॉइंटमेंट आहे कोथरूडलाच, येते चारपर्यंत.

जुईली_घाईत:
आले परत. परसदार, मुलगा की मुलगी?

परसदार:
मुलगी. कैरी अजून साखर लावून खाते, माझ्या आईला ते अजिबात पटत नाही. थांबा, कुकर झाला.