मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) ला उतरल्यावर मेट्रोच का? आम्हाला गावाकडं जायचंय, कुलाब्याला नाही

गोदाकाठचा (परभणी)

परवा इथं एका सदस्यानं लिहिलं होतं : 'मुंबई विमानतळावर उतरून टॅक्सी करणारी मराठवाड्यातली माणसं अजून जुन्या जमान्यात आहेत. भुयारी मेट्रो टर्मिनलपासून सीएसएमटीला नेते. टॅक्सी म्हणजे नुसती मिजास.' खाली कौतुकाचा पाऊस. तिथं दोन ओळी लिहून भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

दादा, मेट्रो चांगलीच आहे. तीन नंबरची लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली, आरेपासून शेवटपर्यंत बसलात तरी ७० रुपये. हे सगळं मान्य. पण आखातातून येणारी विमानं उतरतात कधी? रात्री एक, दोन, पहाटे तीन. मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास, पहिली सकाळी सहाला. तोवर काय टर्मिनलच्या खुर्चीवर भजन करायचं?

आता हिशेब बघा. आपली नांदेडची गाडी तपोवन एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटते सव्वासहाला. पहिली मेट्रो धरून तिथं पोचेपर्यंत गाडी कुर्ल्याच्या पुढं गेलेली असते. म्हणजे तुमच्या सल्ल्यानं जाणारा माणूस गाडी चुकवून दुपारच्या जनशताब्दीची वाट बघत बसणार.

आणि मुळात सीएसएमटीला जायचंच कशाला? तपोवन, जनशताब्दी, देवगिरी, वंदे भारत, सगळ्या ठाण्याला आणि कल्याणला थांबतात. विमानतळावरून आधी दक्षिणेला फोर्टात जायचं आणि त्याच गाडीनं उत्तरेला परत यायचं, हा कुठला शहाणपणा? पहाटे रिक्षा करून घाटकोपर, तिथून फास्ट लोकलनं ठाणं, आणि ठाण्याला आपली गाडी. दिवसा उतरलात तर मेट्रोच घ्या, पण उलट्या दिशेची : टी-२ च्या पुढचंच स्टेशन मरोळ नाका, तिथं एक नंबरच्या लाइनला बदला, घाटकोपरला उतरा. हे कुणी सांगत नाही, कारण सल्ले देणारे स्वतः मुंबईतच राहतात.

रुळावरचा

ती पोस्ट माझीच. 'मिजास' म्हटलं ते जरा जास्त झोंबलेलं दिसतंय. मी लिहिलं होतं दिवसा उतरणाऱ्यांसाठी. प्रत्येक वाक्याला 'रात्री दोनला लागू नाही' अशी तळटीप लावत बसू का?

तुमच्या मरोळ-घाटकोपर मार्गाबद्दल. घाटकोपरला मेट्रो उंचावर. तिथून उतरून लोकलच्या फलाटावर सकाळी नऊला पाय ठेवून दाखवा, दोन मोठ्या बॅगा घेऊन. त्यापेक्षा सीएसएमटी बरी. गाडी तिथूनच सुटते, निवांत चढा, बॅगा सीटखाली ढकला. ठाण्याला ती थांबते किती? दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात म्हातारी माणसं, पोरं आणि खजुराची खोकी चढवायची. नकाशावर रेघ आखणं सोपं असतं.

आणि एक : 'दादरला धरू' म्हणणाऱ्यांनीही ऐका. तीन नंबरचं दादर स्टेशन पश्चिमेला, आपल्या गाड्या मध्य रेल्वेच्या फलाटावर. मधला पूल आणि मधला बाजार बॅगा ओढत पार करायचा. करा हौस.

अंबड चौफुली (जालना)

कशाला मेट्रो न् कशाला लोकल. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला जून २०२५ ला. भिवंडीजवळ आमण्याला चढायचं, जालन्याला उतरायचं. चौघं असलात तर गाडी करून या, माणशी हिशेब ट्रॅव्हल्सच्या स्लीपरच्या फार वर जात नाही. मागच्या खेपेला मेव्हणा पहाटे उतरला, दुपारच्या जेवणाला घरी.

गोदाकाठचा

माणूस एकटा असला तर? आणि विमानात रात्र जागून काढलेल्याला घ्यायला आलेला ड्रायव्हरही रात्रभर जागाच असतो. त्यापुढं समृद्धीचा सरळसोट रस्ता. डुलकी लागायला वेळ लागत नाही. गाडीच करायची तर ड्रायव्हरला आधी झोपू द्या.

देगलूर नाका (नांदेड)

तुम्ही सगळे मुंबई-मुंबई काय करायलाव? नांदेड, देगलूर, उदगीरच्या माणसानं मुंबईला उतरायचंच कायला? शमशाबादला उतरा. हैदराबादच्या विमानतळाला मेट्रो नाही, ठीक आहे. पण पुष्पक नावाची एसी बस चोवीस तास आहे, टर्मिनलच्या बाहेरून. सिकंदराबादला उतरवते. तिथून नांदेडला गाड्या आहेत, पाच-सहा तासांत घरी. मुंबईहून वंदे भारत आता नांदेडपर्यंत आली म्हणून नाचता, ती साडेनऊ तास घेते. तेही दिवसा सीएसएमटीला वेळेवर पोचलात तर.

रुळावरचा

आलं हैदराबाद! मला वाटलंच. विषय मुंबई विमानतळाचा आहे.

देगलूर नाका (नांदेड)

विषय विमानतळावरून गावात जायचा आहे. तुमच्या मनात 'गाव' म्हणजे संभाजीनगर, फार तर जालना. त्याच्या पुढं मराठवाडा संपतो का? नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत, मुंबई सहाशे. दवाखाना, लग्नाचा बस्ता, पोरांची कॉलेजं, सगळं आमचं तिकडं. विमान तेवढं मुंबईचं धरायचं हा कुठला नियम?

वेरूळ फाटा

मग १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा कशाला लावता? राहायचं होतं तिकडंच.

देगलूर नाका (नांदेड)

हे बोलणं तोंड सांभाळून करा. माझ्या आजोबांनी रझाकारांचे दिवस बघितलेत. मुक्तिसंग्राम शिकवायला तुम्ही लागत नाही. निजाम गेला १९४८ ला. आम्ही बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलतोय. आणि एवढा अभिमान असेल तर सांगा, नांदेड रेल्वे विभाग अजून सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत का आहे? तुमच्या संभाजीनगरच्या स्टेशनसकट! मुंबईच्या गाड्या मागायला आपण अर्ज करतो सिकंदराबादला. त्यावर काही बोला.

अंबड चौफुली (जालना)

हे मात्र शंभर टक्के. विभाग मध्य रेल्वेत घ्या म्हणून किती वर्षं ओरडतोय आपण. मनमाडपासून संभाजीनगरपर्यंत दुसरी लाइन लवकर झाली असती तर क्रॉसिंगला गाड्या अशा ताटकळल्या नसत्या. विमानतळावरून स्टेशनला कसं जायचं हा प्रश्न नंतरचा. स्टेशनवरून पुढं न्यायला गाड्या आहेत कुठं?

वेरूळ फाटा

विभाग मध्य रेल्वेत गेला तर मुंबईवाले आपल्याला आणखी शेवटी ठेवतील. सोलापूर मध्य रेल्वेतच आहे, तिथल्यांना विचारा. सिकंदराबादवाले निदान नांदेडकडं बघतात तरी.

देगलूर नाका (नांदेड)

अहो, आत्ता तुम्हीच मला हैदराबादवरून हिणवत होता ना?

वेरूळ फाटा

रेल्वेचं वेगळं.

सिडको एन-७

पुरुष मंडळींनो, रेल्वे झोन नंतर वाटून घ्या. वडील सत्तरीचे, आई गुडघ्यांनी बेजार, दुबईला भावाकडून परत आले. विमान पहाटे अडीचला. भावानं असाच कुठंतरी वाचलेला सल्ला दिला होता, 'सहाला मेट्रो सुरू होते, थांबा.' म्हणजे सामान घेऊन, चहाच्या दिव्य भावात, साडेतीन तास बसायचं. वडील बसले असते, त्यांना पैसे वाचल्याचा आनंद असतो. मी फोनवर भांडून प्रीपेड टॅक्सी करायला लावली ठाण्यापर्यंत. टॅक्सीवाल्यानं मधेच 'सामान जादा आहे' म्हणून आणखी पैसे मागितले. वडिलांनी पावती पुढं धरली, तो गप्प झाला. तर टॅक्सी घ्या, पण काउंटरवर पावती करून घ्या आणि ठिकाणावर उतरेपर्यंत ती हातातून सोडू नका.

मेट्रोला विरोध नाही. मी स्वतः दुपारी उतरले तेव्हा मेट्रोनेच सीएसएमटीला गेले, पाठीवर एक सॅक होती. सामान किती आणि सोबत कोण, हे न विचारता सल्ला देणाऱ्यांचा राग येतो.

रुळावरचा

ठीक आहे. रात्री, म्हातारी माणसं आणि चार बॅगा असतील तर टॅक्सी. लिहून घ्या, दिली परवानगी. पण तिशीतला धडधाकट इंजिनिअर दुपारी बारा वाजता एक ट्रॉली घेऊन उतरतो आणि अंधेरी ते फोर्टच्या ट्रॅफिकला शिव्या घालत टॅक्सीत बसतो, त्याला मी जुन्या जमान्यातलाच म्हणणार.

गोदाकाठचा

त्याला म्हणा की. तो आमच्या परभणीचा नसतो, परभणीचा पोरगा आधी सव्वाशे जणांना फोन करून कुणाची गाडी मोकळी येते ते बघतो.

आणि ठाण्याला दोन-तीन मिनिटं थांबते हे मान्य. त्याला उपाय कल्याण. तिथं लोकलमधून उतरल्यावर आपल्या गाडीला वेळ असतो, फलाटावर डबा कुठं येणार ते आधी विचारून उभं राहता येतं. आधीच लिहायला पाहिजे होतं असं कुणी म्हणू नका, मी काही सरकारी माहितीपुस्तिका काढत नाही.

औसा रोड (लातूर)

सगळी भांडणं मनमाडच्या रस्त्याची. आम्ही लातूरवाले पुण्याच्या बाजूनं येतो, आमची आठवण कुणाला नाही. पनवेलहून नांदेडची गाडी लातूर-परळीमार्गे जाते. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय. आखातातली विमानं तिथं उतरायला लागली की पनवेल आमच्या दारात. ती मरोळ, ती घाटकोपर, तुम्हालाच लखलाभ.

देगलूर नाका (नांदेड)

पनवेलहून नांदेडला रात्रभराचा प्रवास. मी तोवर शमशाबादहून येऊन, झोप काढून, दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागलेला असेन.

औसा रोड (लातूर)

तुम्ही हो. लातूरला हैदराबादहून रस्त्यानं या एकदा, जहिराबाद-बीदरच्या पुढं पाठ काय म्हणते ते सांगा. मग बोलू.

सिडको एन-७

रुळावरचा, तुमच्या परवानगीबद्दल वडिलांनी आभार मानलेत. ती पावतीसोबत जपून ठेवणार म्हणतात.