त्सुमागोला एक रात्र राहावं का?

कोथरूडकर: नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन बहिणीकडे जपानला, नागोयाला चाललोय. ती म्हणते, त्सुमागो या डोंगरातल्या जुन्या गावात एक मुक्काम करू. फोटोत गाव इतकं जुनं आणि इतकं टापटीप दिसतं की नाटकाचा सेट वाटतो. तिथं खरंच कुणी राहतं का? आईचे गुडघे दुखतात आणि ती मासे खात नाही.

नागोयाची_वहिनी: राहतात हो! मी तीनदा गेलेय. पहिल्यांदा मलाही सेटच वाटला. मग सकाळी सहाला एक आजी दारापुढचा रस्ता झाडताना दिसल्या, वर वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं दोरीनं वाळत टांगलेली.

क्योतो ते एदो (आजचं टोकियो) या जुन्या नाकासेन्दो वाटेवरच्या ६९ मुक्कामाच्या गावांतलं हे ४२ वं. रेल्वे आली, वाटसरू आटले, पोरं शहरात गेली. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता म्हणून ती वाचली, असं माझं मत. १९६८ ला डागडुजी सुरू झाली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनीच ठरवलं: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण आलं ते १९७६ ला. (आमच्या वाईच्या वाड्याला अकरा वाटेकरी. पाडायचा की नाही हे ठरवायलासुद्धा सगळे एका खोलीत येत नाहीत.)

ओकुया नावाचं मोठं घर चुकवू नका. १८७७ चं, हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. एदो काळात, म्हणजे १८६८ पर्यंत, इथं हिनोकी तोडला तर मुंडकं जायचं. बंदी उठल्यावर मालकानं हौस फेडून घेतली. आत जमिनीतल्या चौकोनी चुलीत लाकडं जळत असतात आणि थंडीत खिडकीच्या गजांतून आलेलं ऊन त्या धुरात पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. मी तिथं अर्धा तास नुसती बसले, नवरा बाहेर ताटकळत.

मिसळ_मिसो: खाण्याचं मी सांगतो. सोबा म्हणजे तिथल्या शेवया, त्यांच्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. बुकिंग करतानाच स्पष्ट कळवा, आयत्या वेळी काही होत नाही. गोहेइमोची मिळते: भात कुटून काठीला थापतात, अक्रोड आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून निखाऱ्यावर भाजतात. तरी विचारूनच घ्या. मागोमे या शेजारच्या मुक्कामाच्या गावापर्यंतची आठेक किलोमीटरची डोंगरवाट आईंना नको, बस आहे. तुम्ही चालत गेलात तर वाटेतल्या घंटा वाजवत जा, अस्वलांसाठी आहेत.

नागोयाची_वहिनी: आणि झोपायला जमिनीवर गादी असते. गुडघ्यांचं बघा.

कोथरूडकर: आई म्हणते, झोपेन, उठवायला तू आहेसच. बाबांना वाड्याचं वाचून दाखवलं. म्हणाले, अकराच? आमचे सतरा आहेत.