सल्ला हवा : आठवीतल्या मुलीला गणितासाठी एआय अ‍ॅप कोणते आणि कसे वापरू द्यावे?

डिचोलीची पालक

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत आहे. दोघांचेही चौथीपर्यंतचे शिक्षण गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत झाले आणि पाचवीपासून, आपल्या गोव्यात बहुतेक मराठी शाळांतल्या मुलांचे होते तसे, त्यांचे माध्यम इंग्रजी झाले. मुलीने माझ्या फोनवर फोटोमॅथ हे छायाचित्रावरून गणित सोडवून देणारे अ‍ॅप घेतले आहे. तेव्हापासून तिच्या गृहपाठाच्या वहीत एकही उत्तर चुकत नाही. परंतु घटक चाचणीत त्याच प्रकारच्या उदाहरणांना निम्मे गुण गेले. अ‍ॅप काढून टाकण्याची माझी इच्छा नाही, कारण आम्ही दोघेही नोकरीवरून उशिरा घरी येतो आणि तोवर अडलेले विचारायला घरात कोणी नसते. या वयाच्या मुलांसाठी कोणते साधन योग्य आहे, ते कसे वापरू द्यावे आणि पाचवीतल्या मुलालाही द्यावे का, याविषयी अनुभवी पालकांनी व शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गणित शिक्षक, फोंडा

ताई, गुण का गेले हे आपल्या मजकुरातूनच दिसते : वहीतले अक्षर मुलीचे असले तरी विचार अ‍ॅपचा आहे. आयते उत्तर मिळणे ही काही नवी गोष्ट नाही. पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर उत्तरे पूर्वीपासून छापलेली असतात आणि ती पाहू नका असे आम्ही शिक्षक कधी सांगत नाही. अ‍ॅप मात्र उत्तरापर्यंतच्या पायऱ्याही लिहून देते, आणि मुलाने गणित शिकायचे ते त्या पायऱ्या मांडतानाच. म्हणून माझा आग्रह एकच आहे. मुलीने उदाहरण आधी वहीत स्वतः, चुकत असले तरी शेवटपर्यंत, सोडवावे आणि त्यानंतर अ‍ॅपला नुसत्या प्रश्नाचे छायाचित्र न देता आपण सोडवलेल्या पानाचे द्यावे.

आठवीच्या अभ्यासातले एक उदाहरण घेऊन सांगतो. एका व्यापाऱ्याने काजूगर छापील किमतीवर १० टक्के सूट देऊन विकले, तरीही त्याला २० टक्के नफा झाला. खरेदी किलोला ९०० रुपयांनी झाली असेल, तर छापील किंमत किती? विक्रीची किंमत १०८० रुपये येते, इथपर्यंत बहुतेक मुले नीट पोहोचतात. पुढे ती १०८० चे १० टक्के काढून त्यातच मिळवतात आणि ११८८ असे उत्तर लिहितात. सूट विक्रीच्या किमतीवर नसून छापील किमतीवर आहे, म्हणजे १०८० हे छापील किमतीचे ९० टक्के आहेत, हे ज्याला कळले त्याला १२०० हे उत्तर मिळते. मूळ प्रश्नाचे छायाचित्र काढले असते तर १२०० आयतेच मिळाले असते आणि आपण ११८८ का लिहिले असते, हे मुलीला कधीच कळले नसते. तिने स्वतःचे पान दाखवून चॅटजीपीटी किंवा जेमिनाय यांसारख्या संवाद साधणाऱ्या एआय साधनाला असे लिहावे : ‘उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चुकलेली पायरी कोणती तेवढेच सांग आणि मला विचार करता येईल असा एक प्रश्न विचार.’ चॅटजीपीटीमध्ये २०२५ पासून अभ्यासासाठी वेगळी सोय आहे. ती चालू केली की ते थेट उत्तराऐवजी प्रश्न विचारत पुढे नेते. मात्र मुलाने हट्ट धरला तर तिथेही उत्तर काढून घेता येते, याची जाणीव असू द्यावी.

साधनांतला फरकही मुलीला समजावून सांगा. फोटोमॅथ मुख्यतः छायाचित्रातली संख्या व चिन्हे ओळखून ठरलेल्या नियमांनी आकडेमोड करते, त्यामुळे समीकरण सोडवण्यात ते सहसा चुकत नाही. पण छायाचित्र अस्पष्ट असेल तर ते भलतेच समीकरण सोडवते, म्हणून पडद्यावर उमटलेले समीकरण वहीशी ताडून पाहायला हवे. संवाद साधणारी साधने शाब्दिक उदाहरण उत्तम वाचतात, परंतु मधल्या पायरीत आकडा चुकला तरी तितक्याच ठामपणे पुढे जातात. त्यासाठी पडताळा तिनेच घ्यावा : १२०० वर सूट १२०, विक्री १०८०, आणि ९०० वर नफा १८०, म्हणजे पुन्हा १०८०. भूमितीतल्या आकृत्या वाचताना ही साधने अजूनही गोंधळतात, तेव्हा तिथे जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचे अ‍ॅप वापरावे. ते विनामूल्य आहे, आणि त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवला की कोन कसे बदलतात पण त्यांची बेरीज १८० अंशच कशी राहते, हे मुलाला स्वतः पाहता येते.

पेडण्याचा एक पालक

सरांच्या सल्ल्याला माझी एक जोड. आमच्या मुलाला गणित येत होते, प्रश्नच कळत नव्हता. मराठीतून छेद, अंश, लसावि शिकून आलेले मूल पाचवी-सहावीत इंग्रजीतले चार ओळींचे शाब्दिक उदाहरण पाहून थबकते आणि आपण त्याला गणितात कच्चे ठरवतो. आम्ही एआयकडून फक्त एवढेच करून घेतो : प्रश्न साध्या मराठीत सांगायचा, काय दिले आहे व काय काढायचे आहे ते वेगळे करायचे आणि तिथेच थांबायचे. पुढचे तो स्वतः सोडवतो आणि उत्तर इंग्रजीतूनच लिहितो, कारण परीक्षा त्याच भाषेत द्यायची आहे. मराठी रूपांतर अधूनमधून फारच बोजड येते, तरी काम भागते.

म्हापसा

पाचवीतल्या मुलाच्या हाती हे साधन एकट्याने देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चॅटजीपीटीच्या नियमांनुसार वापरणाऱ्याचे वय किमान १३ वर्षे असावे लागते आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते. नियम बाजूला ठेवले तरी, पाढे आणि अपूर्णांकांची बेरीज या वयात हाताखालून गेली नाही, तर पुढे अ‍ॅप बरोबर सांगते आहे की चूक हे ओळखायचे कशाच्या जोरावर? शिवाय वहीचे छायाचित्र देताना मुलाचे नाव व शाळेचे नाव त्यात येणार नाही, एवढे जरूर पाहावे.

डिचोलीची पालक

आपणा सर्वांचे आभार. मुलासाठी अ‍ॅप नको, हे पटले. सर, एक अडचण उरते. वर्गात शिकवलेली रीत आणि अ‍ॅपने दाखवलेली रीत वेगळी असली की मुलीचा गोंधळ होतो, आणि सायंकाळी तिला विचारायला कोणी नसते. अशा वेळी तिने काय करावे?

गणित शिक्षक, फोंडा

ताई, प्रश्नात रीत सांगितली असेल तर तीच वापरावी लागते, कारण गुण पायऱ्यांना असतात. समजा, १७६४ चे वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढा असे विचारले आणि अ‍ॅपने मूळ अवयव पाडून ४२ काढले, तर उत्तर बरोबर असूनही परीक्षक पूर्ण गुण देणार नाही. म्हणून एआयला विचारतानाच रीत सांगावी आणि शक्य असेल तर पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाचे छायाचित्र जोडून त्याच मांडणीने तपासायला सांगावे. एवढे करूनही गोंधळ राहिला, तर पुस्तकातल्या धड्यावरचा क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शालेय अभ्यासाच्या अ‍ॅपमधून उघडून पाहावा. तिथले साहित्य पाठ्यपुस्तकाला धरून असते. तरीही न सुटलेले उदाहरण तिने आपल्या चुकलेल्या पायऱ्यांसह वहीत तसेच ठेवावे, पान फाडू नये, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गशिक्षकांना दाखवावे. अ‍ॅपवरून उतरवलेल्या स्वच्छ पानापेक्षा असे पान आम्हाला फार उपयोगी पडते.