आवडता खेळाडू टीम सोडून गेला तेव्हा तुम्ही काय केलं?

खान्देशात एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारे आपण मोजकेच, पण वॉरियर्स टीम सोडून डॅलसला गेलेल्या क्ले थॉम्पसनचा विषय निघाला की भांडण ठरलेलं, म्हणून विचारतो. जुनाजाणता खेळाडू गेला तर तुम्ही टीमकडे राहिले की त्याच्याकडे? स्वतःचं लिहा, ज्ञान नको.

जळगाव, वॉरियर्सवाला
मीच सुरू करतो. क्ले आपला माणूस भो. २०१९ च्या फायनलला गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं तरी परत येऊन दोन फ्री थ्रो टाकून गेला, मग टाचेची शीर तुटली, दोन सीझन बाहेर, आणि २०२२ ला येऊन चौथी ट्रॉफी. नंतर त्याला बेंचवर बसवायला लागले, २०२४ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध १० शॉट मारले, एक नाही गेला, तोच वॉरियर्सकडून शेवटचा सामना. जुलैत डॅलसच्या टीमकडे गेला. बातमी वाचली तेव्हा दुकानाचं शटर उघडायचा मूड नव्हता, पण राग त्याच्यावर नाय आला, १३ वर्षं दिली माणसानं. नोव्हेंबरात डॅलसकडून आला तर वॉरियर्सच्या स्टाफनं कॅप्टनच्या टोप्या घालून स्वागत केलं (बोटीचा नाद आहे ना त्याला) आणि सामना वॉरियर्सनं १२०-११७ नं मारला. मी दोन्हीकडून ओरडत होतो, घरचे म्हणे आधी एकाचं ठरव.

धुळे
टोप्या-बिप्या ठीक. मी ड्युरंटचा फॅन होतो. २०१६ ला त्याची टीम ओक्लाहोमा सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ नं पुढे असून वॉरियर्सकडून हरली आणि महिनाभरानं भाऊ त्याच वॉरियर्समध्ये! तो म्हातारा पण नव्हता. त्याचं पोस्टर त्याच दिवशी काढलं.

पाचोरा
माझा रे ॲलन. २०१२ ला त्याची टीम बोस्टन मायामीकडून सात सामन्यांत हरली, आणि बोस्टन जास्त पैसे देत असताना हा कमी पैशात मायामीला. पुढच्या वर्षी फायनलच्या सहाव्या सामन्यात कोपऱ्यातून तो थ्री (तीन पॉइंटचा शॉट) टाकला तेव्हा तोंडातून वा निघून गेलं, लगेच शिवी पण घातली.

भुसावळ
तुम्ही टीव्हीवरचे सांगता, आमच्या ग्राउंडवरचा ऐका. आमचा सगळ्यात सिनियर सेंटर, नोकरी लागली म्हणून दुसऱ्या गावच्या टीमकडून खेळायला लागला. टुर्नामेंटला समोर आला तर पोरं गद्दार-गद्दार ओरडली, माझे वडील तिथंच चिडले, म्हणे आपण रेल्वेवाले, बदली आली की सामान बांधतो, कोणी गद्दार म्हणतं का? मॅचनंतर त्याला घरी भरीत-भाकरी खायला नेला.

चोपडा
आणि टीमची निष्ठा कोण विचारतं? डेरोझननं टोरांटोला नऊ सीझन दिले, २०१८ मध्ये त्यालाच ट्रेड करून टाकला, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या टीमला देऊन टाकला, पुढच्याच वर्षी ट्रॉफी, मग सगळे गप्प. डॉनचिचला तर २०२५ मध्ये डॅलसनं काढलं, त्यानं मागितलं पण नव्हतं. खेळाडू गेला की बेइमान, टीमनं काढला की धंदा.

नंदुरबार
डर्क नोवित्स्की २१ सीझन त्याच डॅलसमा ऱ्हायना ना भो, त्याले काय बाकीचे बोलवत नसतील?

चोपडा
त्याला ठेवला म्हणून राहिला. क्लेला ठेवायचं तेवढं मन केलं का कोणी?

धुळे
भुसावळवाले, वडिलांचा मान ठेवून बोलतो, पण बदली ऑर्डरवर होते. ड्युरंटनं स्वतः अर्ज केला होता, आणि तोही जिथं हरला त्याच ऑफिसला.